'लुई लुई' खरं कुणाचं, आणि वाजवायचं कुणाचं?

विचारलंय ते असं: कॉलेजच्या बँडला 'लुई लुई' हे जुनं अमेरिकन रॉक गाणं बसवायचं आहे. किंग्समेन या बँडची 1963ची रेकॉर्ड मूळ धरायची का? गिटारच्या सोलोनंतर गायक चुकल्यासारखा वाटतो, तेही तसंच वाजवायचं का? आणि तो नक्की गातोय काय? शब्द तर नेटवर दहा ठिकाणी दहा तऱ्हेचे सापडतात.

बँडमध्ये गिटार वाजवण्यात आणि मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे गाणं स्वतः वाजवलंय आणि नव्या मुलांकडून बसवूनही घेतलंय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. आधी सरळ उत्तर: किंग्समेनची रेकॉर्ड मूळ नाही. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीनं वाजवणं, आणि ही तर कव्हरचं कव्हर आहे. तरीही तुम्ही जे वाजवाल ते बहुतेक तिच्यातलंच असेल. कारण पुढच्या मंडळींनी उचललं ते लिहिणाऱ्याचं गाणं कमी आणि किंग्समेनच्या गफलती जास्त.

गाणं लिहिलं रिचर्ड बेरीनं. जन्म लुइझियानातला, 1935चा, पण वाढला लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गटांमध्ये खालच्या पट्टीचा आवाज लागला की याला बोलावणं जायचं. रॉबिन्स या गटाचं 1954चं 'रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन' ऐका. तो तुरुंगातला घोगरा, धमकावणारा आवाज बेरीचा आहे, आणि रेकॉर्डवर त्याचं नाव नाही. गायिका एटा जेम्सच्या 'रोल विथ मी हेन्री'मधला हेन्रीही हाच. म्हणजे गडी कामाचा, पण नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचं. पुढेही त्याच्या नशिबी तेच आलं.

1955च्या सुमाराला तो रिक रिलेरा आणि ऱ्हिदम रॉकर्स या बँडबरोबर गायचा. अनाहाइमच्या हार्मनी पार्क बॉलरूममध्ये हा बँड क्यूबन पियानोवादक रेने तूझेची एक चा-चा-चा चाल वाजवायचा, 'एल लोको चा चा'. तिच्या सुरुवातीला दहा ठोक्यांची आकृती आहे: तीन, दोन, तीन, दोन. स्टेजमागे पाळीची वाट बघत बसलेल्या बेरीच्या डोक्यात ती आकृती घुसली, तिच्यावर 'लुई लुई' हे दोन शब्द बसले, आणि हाताशी दुसरं काही नसल्यानं त्यानं ते टॉयलेट पेपरवर लिहून ठेवले. हा किस्सा त्यानं स्वतः नंतर अनेकदा सांगितलाय.

रेकॉर्ड आली एप्रिल 1957मध्ये, फ्लिप नावाच्या छोट्या कंपनीकडून, तीही तबकडीच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला 'यू आर माय सनशाइन' होतं. ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली की मुलांचा चेहरा पडतो. गिटारचा खणखणाट नाही, आरडाओरडा नाही. ज्याला आपण गिटारचा रिफ म्हणतो, म्हणजे सारखा फिरून येणारा छोटा तुकडा, तो इथे फॅरोज या साथीच्या गायकांचा खालचा आवाज तोंडानं म्हणतो. वर बेरी अगदी मजेत, डुलत गातो. हेच ते दणकेबाज गाणं यावर विश्वासच बसत नाही. पण मोजायला लागा: तीन, दोन, तीन, दोन. सगळं तिथेच आहे.

शब्दांचं कोडंही इथेच सुटतं. एक खलाशी दारूच्या गुत्त्यात बसलाय. गुत्त्यावरच्या माणसाचं नाव लुई. खलाशी त्याला सांगतोय की बाबा, मला आता निघायला हवं, तिकडे जमैकात एक मुलगी माझी वाट बघतेय. तीन रात्री, तीन दिवस तो समुद्रात आहे, एकटाच जहाज हाकतोय, सारखी तिचीच आठवण. तिच्या केसातल्या गुलाबाचा वास आल्याचा त्याला भास होतो. शेवटच्या कडव्यात जमैकाचा चंद्र दिसतो, आता ती भेटेल, मग तिला सोडून कधी जाणार नाही. एवढंच. भाषा मुद्दाम कॅरिबियन ढंगाची, मोडकी इंग्रजी. गुत्तेवाल्यापाशी मन मोकळं करण्याची कल्पना बेरीनं 'वन फॉर माय बेबी' या जुन्या गाण्यावरून घेतल्याचं सांगितलंय. तुमच्या गायकानं बेरीची रेकॉर्ड लावून, तीन कडवी कागदावर उतरवून घ्यावीत. त्यासाठी नेटवरच्या कुठल्याही पानाची गरज नाही, अक्षर न् अक्षर ऐकू येतं.

1959मध्ये बेरीचं लग्न ठरलं आणि पैशांची चणचण होती. त्यानं या गाण्याचे हक्क फ्लिपच्या मालकाला विकले. त्या व्यवहाराचे 750 डॉलर मिळाले असं सांगतात. गाणं तेव्हा जवळजवळ विसरलं गेलं होतं, त्यामुळे त्याला सौदा फायद्याचाच वाटला असणार. रेडिओ-टीव्हीवर वाजण्याचा हक्क मात्र त्यानं स्वतःकडे ठेवला. तेवढं शहाणपण पुढे कामाला आलं.

आता गाणं उत्तरेला सरकतं. वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा शहरात वेलर्स नावाचा बँड होता. (बॉब मार्लेच्या वेलर्सशी यांचा काही संबंध नाही, गफलत करू नका.) त्यांचा गायक रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स याच्या हाती बेरीची जुनी तबकडी लागली. 1961मध्ये त्यांनी ती आपल्या पद्धतीनं, आपल्याच एटिकेट या लेबलवर काढली. डुलणारा चा-चा-चा गेला आणि सरळ रॉकचा ठोका आला. तोंडानं म्हटला जाणारा रिफ वाद्यांवर गेला. आणि सोलो सुरू व्हायच्या आधी रॉबर्ट्स जे ओरडतो, 'चला, आता दाखवूच यांना' अशा अर्थाचं, तेही इथलंच. बेरीच्या रेकॉर्डवर ते नाही. पुढे जो कोणी ते ओरडतो तो कळत नकळत रॉबर्ट्सची नक्कल करत असतो. रॉबर्ट्स 1967मध्ये मोटार अपघातात गेला. हे गाणं आजच्या रूपात घडवण्यात त्याचा वाटा कुणाहून कमी नाही, पण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

किंग्समेन पलीकडच्या ओरेगन राज्यातले, पोर्टलंडचे. विशीच्या आगेमागेची पोरं. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका क्लबात ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणी लावायच्या यंत्रावर) वेलर्सची रेकॉर्ड सारखी लागते आणि पोरं तीवर नाचतात, हे गायक जॅक एलीनं पाहिलं आणि बँडला म्हणाला, हे आपण बसवू. त्यानं ते लक्षात ठेवलं आणि घरी येऊन इतरांना शिकवलं. एली स्वतः पुढे सांगायचा की शिकवताना त्यानं ठोका चुकवला. वेलर्सच्या रेकॉर्डवर चार-दोन, चार-दोन असं होतं. त्यानं शिकवलं तीन-दोन, तीन-दोन. आता वर तूझेच्या आकृतीचे दहा ठोके मोजले होते ते आठवा. वेलर्सनी घातलेले जादा ठोके एलीच्या विसरभोळेपणामुळे गळले आणि गाणं आपोआप क्यूबन चालीपाशी परत आलं! ज्यानं ते परत आणलं त्याला याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे आरतीत 'लवथवती'चं 'लवलवती' आणि 'संकटी'चं 'संकष्टी' होतं आणि तेच पुढच्या पिढीला पाठ होतं, तशातला हा प्रकार. फरक इतकाच की इथे एकदा चुकीनं चूक खोडली.

रेकॉर्डिंग झालं 6 एप्रिल 1963ला, पोर्टलंडच्याच एका छोट्या स्टुडिओत. खर्च पन्नासेक डॉलर. आदल्या रात्री या पोरांनी हेच एक गाणं दीड तास सलग वाजवलं होतं, म्हणजे एलीचा घसा आधीच बसलेला. त्यात दातांना तारा. त्यात मॅनेजर केन चेस याला रेकॉर्डिंग नको होतं, क्लबातल्या कार्यक्रमासारखा आवाज हवा होता. गायकाचा माइक छताजवळ टांगलेला, खाली बँड पूर्ण जोरात वाजतोय, आणि एली टाचा उंचावून, मान वर करून ओरडतोय. शब्द कळत नाहीत त्याचं कारण एवढंच. बँडला वाटत होतं ही तालीम आहे. झाला तोच टेक पक्का ठरला.

हेडफोन लावून दोन जागा ऐका.

पहिली सुमारे 54व्या सेकंदाला. ड्रमर लिन ईस्टनच्या हातून काठीचा घोळ होतो आणि मागून एक इंग्रजी शिवी अस्पष्ट ऐकू येते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

दुसरी तुम्ही पकडलेली. माइक मिचेलचा सोलो संपतो, एली तिसरं कडवं सुरू करतो आणि एक-दोन शब्दांत त्याच्या लक्षात येतं की आपण घाईनं आत शिरलो. तो थबकतो. त्या रिकाम्या जागेत ईस्टन ड्रम्सवर एक भरगच्च तुकडा वाजवून वेळ मारून नेतो, आणि मग एली योग्य जागी पुन्हा येतो. आजच्या काळात हे संगणकावर दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं. तेव्हा दुसरा टेक घ्यायचा तर पुन्हा पैसे पडणार. म्हणजे हो, चूक आहे, शंभर टक्के. आणि पुढे कित्येक बँडांनी ती जशीच्या तशी, जागा मोजून वाजवलीय.

त्याच स्टुडिओत, जेमतेम काही दिवसांच्या अंतरानं, पॉल रिव्हियर अँड द रेडर्सनीही हेच गाणं रेकॉर्ड केलं. ते जास्त सफाईदार आहे. वाजवणारे सरस, गायक सरस, शब्द कळतात. सुरुवातीला त्या भागात त्यांचीच चलती होती. पण देशभर गाजलं ते किंग्समेनचं. बॉस्टनच्या अर्नी गिन्सबर्ग या रेडिओ निवेदकानं आठवड्यातली सर्वात वाईट रेकॉर्ड म्हणून ती वाजवली आणि लोकांनी तीच मागायला सुरुवात केली, असं सांगतात. डिसेंबर 1963मध्ये ती बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. तेव्हा पहिल्या क्रमांकावर कोण होतं? 'डॉमिनिक' गाणारी बेल्जियमची एक जोगीण, सिंगिंग नन!

जोगिणीच्या खालोखाल असलेल्या या गाण्यावर अश्लीलतेचा आळ आला, तो शब्द कळत नव्हते म्हणूनच. पोरांनी आपापले चावट शब्द लिहून वर्गात फिरवले, ते आईबापांच्या हाती पडले, आणि 1964च्या सुरुवातीला एका पालकाचं तक्रारीचं पत्र थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींकडे गेलं. इंडियाना राज्याच्या गव्हर्नरनं, मॅथ्यू वेल्शनं, रेडिओवाल्यांना हे वाजवू नका म्हणून सांगितलं. मग एफबीआय कामाला लागली. प्रयोगशाळेत रेकॉर्ड हळू, जलद, निरनिराळ्या वेगांनी फिरवून ऐकली गेली. दोनेक वर्षांनी निष्कर्ष निघाला की कुठल्याही वेगावर शब्द कळत नाहीत, सबब कारवाई करता येत नाही. ज्यानं ते गायलं त्या जॅक एलीला मात्र कुणी जाऊन विचारलं नाही. आणि 54व्या सेकंदाची ती खरी शिवी? ती सुटलीच. एफबीआयची ती फाइल आता सर्वांना खुली आहे, एखाद्या रविवारी वाचा. सरकारी कारकुनी भाषेत लिहिलेला इतका विनोदी मजकूर क्वचित मिळतो.

एली तोवर बँडमध्येच नव्हता. रेकॉर्डनंतर काही महिन्यांतच ईस्टननं, बँडचं नाव माझ्या नावावर आहे आणि यापुढे मी गाणार, असं जाहीर केलं. एली बाहेर पडला. गाणं गाजल्यावर टीव्हीवर ईस्टन उभा राहून एलीच्या आवाजावर ओठ हलवायचा. बँड चालवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. तुमच्या बँडचं नाव कुणाच्या नावावर आहे ते मात्र आजच बघा.

यापुढच्या कव्हर्सची यादी संपत नाही. 1983मध्ये कॅलिफोर्नियातल्या केएफजेसी या कॉलेज रेडिओ केंद्रानं 'लुई लुई'ची आठशेच्या वर रूपं सलग वाजवली, 63 तास लागले. एवढी ऐकायची गरज नाही. मी मुलांना ऐकवतो ती मोजकीच.

किंक्सचं 1964चं. लागलीच त्यांचंच 'यू रियली गॉट मी' ऐका. तुटक, ठोसे मारल्यासारख्या कॉर्ड्सवर अख्खं गाणं उभं करायची तीच पद्धत दोन्हीकडे दिसेल. ओटिस रेडिंगचंही 1964चं. इथे गाण्याला ब्रास (ट्रंपेटसारखी फुंकवाद्यं) लागलंय, आणि गाणं मुळात कृष्णवर्णीय गायकांच्या परंपरेतून आलं हे कानाला पटतं. बीच बॉइजचं ऐकलं नाही तरी चालेल, हार्मनी सुरेख पण गाणं पार निर्जंतुक केलंय. फ्रँक झापाच्या बँडनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या अवाढव्य पाइप ऑर्गनवर हा रिफ वाजवला. ती निव्वळ खोडी आहे, पण ऐकाच. मोटरहेडचं 1978चं गिटारवाल्यानं ऐकावं, डिस्टॉर्शन कितीही वाढलं तरी ठोका मोकळा कसा ठेवायचा ते कळतं. ब्लॅक फ्लॅगच्या 1981च्या रेकॉर्डमध्ये शब्दच बदललेत, सगळा संताप.

माझं सर्वात आवडतं मात्र टूट्स अँड द मेटल्सचं, सत्तरच्या दशकातलं, 'फंकी किंग्स्टन'मधलं. जमैकाचा बँड, जमैकाचा ठोका, आणि टूट्स हिबर्टचा तो देवळातल्या भजनासारखा मोकळा गळा. बेरीचा खलाशी ज्या बेटाकडे निघाला होता तिथल्याच माणसांनी हे गाणं गायलं. बेरीच्या रेकॉर्डमधली डुलकीही यात परत येते. शब्दांचा मान इतर कुठल्याही कव्हरपेक्षा इथे जास्त राखलाय असं माझं मत.

स्टूजेसचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात एक मजेदार धागा आहे. त्यांच्या मूळ बँडचा शेवटचा कार्यक्रम 1974 साली डेट्रॉइटमध्ये झाला. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते 'लुई लुई' वाजवतात, प्रेक्षक बाटल्या फेकतात आणि त्यांचा गायक इगी पॉप एफबीआयनं शोधूनही न सापडलेले शब्द स्वतः पुरवतो. याच स्टूजेसचा 1970चा 'फन हाउस' हा अल्बम ज्यानं निर्माण केला तो डॉन गलुची. म्हणजे किंग्समेनच्या त्या रेकॉर्डवर की-बोर्ड वाजवणारा पोरगा.

बेरीचं काय झालं ते विचारलं नाहीत, पण सांगतो. गाणं जगभर वाजत होतं आणि तो ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये आईच्या घरी, सरकारी मदतीवर राहत होता. कॅलिफोर्निया कूलर नावाच्या पेयाच्या कंपनीला जाहिरातीत 'लुई लुई' हवं होतं. त्यांच्या ध्यानात आलं की त्यासाठी बेरीची सही लागते. त्या निमित्तानं वकील आले, हक्कांचा प्रश्न निघाला, आणि कोर्टाबाहेर तडजोड होऊन त्याला गाण्याच्या हक्कांत वाटा परत मिळाला. शेवटची दहा वर्षं तो बऱ्यापैकी श्रीमंतीत जगला आणि जानेवारी 1997मध्ये गेला. तुम्ही व्हिडिओ टाकाल तेव्हा खाली 'मूळ गाणं: किंग्समेन' असं लिहू नका. गीत-संगीत रिचर्ड बेरी, असं लिहा.

आता वाजवण्याचं. कॉर्ड्स ए, डी, ई मायनर, डी. दोन मापांत एक फेरी, मिनिटाला साधारण 120 ठोके. नवी मुलं हमखास ई मायनरच्या जागी ई मेजर लावतात, कारण हाताला आणि कानाला तीच सवय असते. मेजर लावलीत की ते ट्रॉग्ज या बँडचं 'वाइल्ड थिंग' होतं. एका बोटाचा फरक आहे, पण किंग्समेनच्या रेकॉर्डचा तो किंचित मळकट, खालमानेचा रंग त्या मायनरमध्येच आहे. तीन ठोके झाल्यावर डाव्या हाताची पकड सैल करून तार बंद करा. ठोक्यांमधली शांतता ऐकू आली नाही तर रिफ सपाट होतो, आणि तिथेच नव्वद टक्के बँड मार खातात. की-बोर्डवाल्यानं ऑर्गनचा लांबट सूर लावू नये, गलुचीचा तो होनर पियानेट या इलेक्ट्रिक पियानोचा तुटक आवाज आहे. बासनं रिफ सोडून कुठेही फिरायला जाऊ नये.

सोलोनंतरची चूक ठेवायची का? ड्रमरवर अवलंबून आहे. ती जागा गायकाची वाटते, पण आहे ड्रमरची. ईस्टनसारखा तुकडा बेधडक मारता येत असेल तर जरूर ठेवा, जाणकार प्रेक्षक तिथे हमखास हसतो. ड्रमर बिचकणारा असेल तर सरळ योग्य जागी कडवं घ्या, नाहीतर ऐकणाऱ्याला तुमचीच चूक वाटेल. आणि गायकाला सांगा, बेरीचे शब्द नीट पाठ करून मग किंग्समेनसारखे तोंडात घोळवायचे. न पाठ करता घोळवले की लगेच कळतं, कारण तिसऱ्या कडव्यात तो श्वास चुकीच्या जागी घेतो.